कोपऱ्याची मूठ

"पण बाई, गांडुळाला कळतंय कसं? त्याला डोळा नाही, नाक नाही. मग ह्या कोपऱ्यात जाऊ नको म्हणून त्याला सांगतं कोण?"

आत्या गुडघ्यावर बसून ढेकूळ फोडत होती. पुढ्यात जुनी पांढरी चादर, तिच्यावर कोपऱ्यातून खणून काढलेला मातीचा चौकोनी ठोकळा. ठोकळा निम्मा चाळून झाला होता आणि त्यात एक गोगलगाय सोडली तर जिवंत म्हणावं असं काही सापडलं नव्हतं.

"कातडीनं कळतं, आत्या," मातीच्या बाई म्हणाल्या. "आपण जिभेनं चव घेतो, ते अख्ख्या अंगानं घेतं."

"म्हणजे वरपासून खालपर्यंत जीभच. आमच्या थोरल्या नणंदेची जात."

बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष चादरीवरच होतं. मातीची तपासणी करायची हे त्यांचं काम, म्हणून सगळ्या फार्मवर त्यांना मातीच्या बाई म्हणत. आत्याचं नावही असंच पडलेलं. सून एकदा डबा घेऊन आली आणि बांधावरून "आत्या, ओ आत्या!" अशी ओरडली. त्या दिवसापासून मुकादमापासून वॉचमनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणू लागले.

फार्म भाताचा. पण हे रान उतारावरचं, पाणी न साचणारं, पेरून घ्यायच्या भाताचं, म्हणून त्यात गांडुळं नांदायची. यंदा त्यात शेजारी शेजारी तीन पट्टे आखले होते. पहिल्यात नेहमीचं खत. दुसऱ्यात त्याच खताबरोबर सेलेनियमची पूड, अगदी नावाला. तिसऱ्यात तीच पूड, पण चांगली रगडून, दुसऱ्याच्या कितीतरी पट.

पूड पहिल्यांदा बघितली तेव्हा आत्याला हसू आलं होतं. जन्मभर पोत्यानं खत टाकलेली बाई ती. तिच्या हातावर बाईंनी कागदाची पुडी ठेवली आणि सांगितलं, हे एवढं दोन नंबरच्या पट्ट्याला.

"एवढ्यानं तर दात पण घासून व्हायचे नाहीत!"

"मिठासारखं धरा," बाई म्हणाल्या होत्या. "माणसाच्या अंगाला हे चिमूटभर लागतं. आपल्या मातीत ते कमी, म्हणून भातात कमी, म्हणून खाणाऱ्यात कमी. खतातून दिलं तर दाण्यात उतरतं. पण चिमटीची ओंजळ झाली की तेच विष. दाण्याला किती पुरतं आणि मातीतल्या जिवांना किती सोसतं, ते बघायचं आहे."

पहिल्याला नुसतं खत, बाकी दोघांना वाळूत कालवलेली पूडही, असे घमेलं काखेत मारून, मुठीनं उधळत आत्यानं तिन्ही पट्टे फोकून दिले होते. खत फोकावं तर आत्यानंच. तिनं फोकलेल्या रानातलं पीक विंचरलेल्या केसांसारखं एकसारखं यायचं. बापानं तिला लहानपणीच धडा दिला होता, उजवं पाऊल टेकलं की मूठ सुटली पाहिजे. पाऊल आणि मूठ यांचं लग्न लावून दिलं म्हणायचा. बाप गेला, तिचंही लग्न झालं, केस पिकले, पण त्या दोघांचा संसार काही मोडला नव्हता. फार्मवर बायका खुरपायला पुष्कळ होत्या, पण फोकणारी एकच. सावलीत बसून जेवायचा मान, मुकादमानं अहो-जाहो करणं, हे सगळं त्या मुठीमुळं होतं.

आणि आता तिसऱ्या पट्ट्यात भलतंच निघालं. मधोमध खणलं तर गांडुळं होती. थोडी कमी, पण होती. चारी कोपऱ्यांत मात्र नावाला नाही.

"बगळे," मुकादम म्हणाला. कंबरेवर हात ठेवून तो बांधावर उभा होता. "बांधावर बसतात आणि कोपऱ्यातली वेचून खातात. सरळ आहे."

"मग पहिल्या पट्ट्याच्या कोपऱ्यांवर बगळ्यांचा उपास असतो का?" बाईंनी विचारलं. "तिथं तर ठोकळा नुसता वळवळतोय."

मुकादमानं डोकं खाजवलं. बाई हळूच म्हणाल्या, "पूड सगळीकडं सारखी पडली असेल, तर असं व्हायला नको."

दोघांची नजर आत्याच्या उजव्या हाताकडं गेली. आत्यानं तो पदरात घेतला.

"हातमोजे घालायला लावलेत ना तुम्ही! रबरात मूठ कळते होय? मोजे घालून सुई ओवून दाखवा."

"मोजे घालायलाच पाहिजेत, पूड अंगाला लागू नये," बाई म्हणाल्या. "पण मोज्यांनी बिघडलं असतं तर मधेही बिघडलं असतं. नेमके कोपरेच कसे?"

मुकादम लगेच सरसावला. गोदामात खत उडवायचं एक यंत्र येऊन पडलं होतं, गळ्यात अडकवायचं आणि दांडा फिरवून चालवायचं. त्याला ते चालवून बघायची कधीची हौस. "खताच्या पुढच्या हप्त्याला यंत्रच घेऊ," तो म्हणाला. "आत्या, तुम्हाला पण आराम. खुरप्याला आहेच की जागा."

आराम! आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आली तेव्हा सून दारात शिलाईचं मशीन घेऊन बसली होती. आत्यानं चहा घेतला नाही. माळ्यावरची निळी ताडपत्री काढली, अंगणातल्या सिमेंटवर अंथरली आणि कडांवर विटा ठेवल्या. भिंतीला लावायचा चुना उरला होता, तो वाळूत कालवला.

"आत्या, काय लावलंय हे?"

"मूठ बघायचीय."

"कुणाची?"

"माझीच."

सुनेनं मशीन थांबवलं. आत्या घमेलं काखेत घेऊन ताडपत्रीवर चालू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत, पुन्हा वळून. वाळू सर्रकन् पसरत होती. शेवटाला बाजूला होऊन तिनं बघितलं.

हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात. काकणाला नसेल, हाताला लागतो. उभ्या आयुष्यात आत्यानं आपली मूठ पडलेली कधी बघितली नव्हती. खत टाकलं की माती ते गिळायची आणि मागं काही दिसायचं नाही. आज पहिल्यांदाच सगळं निळ्यावर पांढरं समोर होतं. मधला भाग पिठाच्या चाळणीतून पडल्यासारखा, बघत राहावं असा. आणि चारी कोपऱ्यांत चुन्याचे पांढरे फट्ट डाग.

"उतार असंल अंगणाला," ती पुटपुटली.

"चारी बाजूंना?" सून म्हणाली.

आत्यानं ताडपत्री झटकली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला पावलाकडं न बघता तिनं हातावर पाळत ठेवली, चोरावर ठेवावी तशी. पहिल्या वळणावरच चोर सापडला. कोपरा आला, पाऊल वळायला थांबलं, आणि हात तिला न विचारता आणखी एकदा घमेल्यात गेला. मूठ भरली, कोपऱ्यात सोडली, मग मुकाट पावलामागं निघाला.

आत्या तशीच उभी राहिली. बापाचं बोलणं तिला आठवलं. कोपऱ्याकडं कुणाची मूठ पोचत नाही, पोरी. त्याला एक जास्तीची देत जा, नाहीतर उपाशी राहतो. डोकं हे कधीच विसरलं होतं. हात विसरला नव्हता. साध्या खताला त्यानं काही बिघडत नव्हतं, उलट पीक खुलायचं. पण ही पूड चिमटीच्या हिशेबाची, आणि तिसऱ्या पट्ट्यात आधीच रगडून घातलेली.

"कुणाला सांगू नका," फार्मवरची सगळी हकीकत ऐकून सून म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. बगळेच म्हणतात ना ते? खाऊ देत बगळ्यांना बोलणी."

सल्ला वाईट नव्हता. मुकादम बगळ्यांवर अडून बसला असता आणि बाईंनाही शेवटी कोपरे सोडून द्यावे लागले असते. मूठ वाचली असती. रात्री भाकरी थापताना आत्यानं तेच ठरवलंही. पण खरेपणा राहू द्या बाजूला, तिची पीडा वेगळीच होती. एका मुठीनं गांडूळ घर सोडून जातं, तर अर्ध्या मुठीनं काय करतं? गेलेलं परत येतं का? गप्प बसलं तर हे कधीच कळणार नव्हतं, कारण हे विचारायला हवं असं दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं.

सकाळी ती ताडपत्री गुंडाळून डोक्यावर घेऊनच फार्मवर गेली. गोदामापुढं अंथरली आणि दोघांच्या देखत फोकून दाखवली.

"मी सांगतच होतो!" मुकादम म्हणाला. "यंत्राला बाप नसतो. त्यामुळं बापाची खोडही नसते."

"चालवून दाखव की मग. ही घे ताडपत्री."

मुकादमानं यंत्र गळ्यात घातलं, दांडा फिरवला. पांढरी वाळू गोल गोल उडाली. निम्मी ताडपत्रीबाहेर, थोडी बाईंच्या चपलांवर. कोपरे कोरडे ते कोरडेच.

"अरुंद पट्ट्यात हे नाही चालायचं," बाई चपला झटकत म्हणाल्या. "शेजारच्या पट्ट्यात जाईल सगळं. मोठ्या रानाला मात्र ठीक आहे."

म्हणजे मोठं रान तिच्या हातून यंत्राकडं गेलं. आत्याला ते कळलं, आणि मुकादमालाही कळलं.

"आणि पट्टे?" तिनं विचारलं.

"कोपऱ्याची मूठ सोडून फोकता येईल?"

आत्यानं घमेलं उचललं. पहिल्या कोपऱ्यावर हात घमेल्यात गेलाच. तिनं त्याला एक शिवी घातली आणि पुन्हा चालली. पुन्हा गेला. मुकादम तोंडावर हात धरून हसत होता.

"बरं, राहू द्या," बाई म्हणाल्या. "पट्ट्याचे दोरीनं चौकोन पाडू. दर चौकोनाची पुडी वेगळी. पुडी संपली की हात भरेल कशानं?"

"हे तर पानात मीठ वाढणं झालं," आत्या कुरकुरली. पण नाही म्हणाली नाही.

बाई तिसऱ्या पट्ट्याच्या कोपऱ्यात जाऊन उकिडव्या बसल्या. मातीची चिमूट नाकाशी धरली आणि ती आत्यापुढं केली. "वास येतो कसला?"

"लसणाचा! मला परवाच आला होता. म्हटलं, माझ्याच हाताला असेल, स्वयंपाकाचा."

"मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. जास्तीची पूड ते वायू करून हवेत सोडतात. त्याचा वास."

"म्हणजे गांडुळं पळाली आणि ह्यांनी पूड ओकून टाकली." आत्यानं पुन्हा हुंगलं. "मग ओकून ओकून माती कधीतरी रिकामी होईल की नाही? आणि झाली तर ती पळालेली येतील का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी असे उच्चारले, जणू पुढ्यात जेवण वाढलं आहे. "ह्या कोपऱ्यांना आता काही घालायचं नाही. चार खुंट्या मारू. अधूनमधून खणून बघायचं. बघाल तुम्ही?"

"इथला भात?"

"वेगळा कापायचा. खायचा नाही, तपासायचा."

"आणि बगळे?"

"बगळ्यांची माफी मागा म्हणावं मुकादमांना."

मुकादम यंत्र गळ्यात घालून मोठ्या रानाकडं निघाला होता. दांड्याचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला. आत्यानं त्या बाजूला एकदाच बघितलं. मग खुंट्या तासायला कोयता मागून घेतला, चारी कोपऱ्यांत त्या ठोकल्या, मोजे चढवले आणि दुसऱ्या पट्ट्याच्या कडेनं दोरी ताणायला वाकली. तिथलं एक गांडूळ दोरीखाली आलं, ते बोटानं बाजूला सारून तिनं गाठ मारली.