आबांची परतीची हाळी

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून आमच्या आबांचा मेंढरांचा वाडा. मी मुकुंदवाडीला दिलेली, पण माहेरचं काय चाललंय ते आईच्या फोनआधी मला आमच्या ह्यांच्याकडून कळायचं. घरातला गॅस संपला तर ह्यांना पत्ता नसतो, पण आबांचा आवाज असलेल्या त्या मोबाईलवरच्या गेमच्या ग्रुपवर कोण काय बोललं ते सगळं पाठ!

गेममध्ये एक म्हातारा मेंढपाळ, त्याची मेंढरं, आणि नुसतं चालायचं. गवत शोधायचं, पाणी शोधायचं, लांडगा टाळायचा. इथल्याच चार पोरापोरींनी मिळून केलेला, आणि म्हाताऱ्याला आवाज आमच्या आबांचा. मी म्हटलं, हे रिकामटेकडं कोण खेळणार? तर लोकांनी डोक्यावर घेतला की. आबांची शीळ कुणाकुणाच्या फोनची रिंग झाली.

पण आबांनी तेव्हा शीळ दिली, चरायला पांगवायची हाळी दिली, परतीची नाय दिली. आमच्यात ती ज्याची त्याची असते. दिवस कलला की मेंढपाळ ती देतो आणि कळप मान वर करून त्याच्याकडं येतो. ती दिली की पुढं पाणी नायतर वाडा असायलाच लागतो. खोटी हाळी द्यायची नाय, मस्करीतसुद्धा नाय. लहानपणी मी एकदा नक्कल केली तर आबांनी कानाखाली वाजवली होती.

मग एक जण मोबाईल घेऊन आबांची मुलाखत घ्यायला आला. म्हातारा हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि बोलून गेला, "खरी हाळी तर म्या त्यांना दिलीच नाय."

झालं! त्याच सुमाराला त्या पोरांच्या कंपनीनं गेमचा दुसरा भाग जाहीर केला. त्यात मेंढपाळ तरणा, आवाज दुसऱ्याचा. ग्रुप पेटला. आबा नाय तर गेम नाय, आणि खरी हाळी पायजेच. कंपनीनं साधा दिवाळीच्या शुभेच्छांचा फोटो टाकला तरी खाली हेच. आमचे हेसुद्धा ताटातली भाकर गार करून अंगठ्यानं तेच लिहीत बसायचे.

"तुमच्या बोंबलण्यानं कंपनी हलणार व्हय?" मी म्हटलं. "खेळणाऱ्याला कोण विचारतंय?"

"बघशील तू," हे म्हणाले.

हलली. कंपनीतली मुलगी वाड्यावर आली तेव्हा मी तिथंच होते. आबांच्या पाया पडली आणि आईला म्हणाली, "लोकांना तेच हवंय, आजी. आमचं काही चालत नाही. मला काय काय लिहून पाठवतात ते तुम्हाला सांगवत नाही." बोलताना तिचा फोन वाजला तर दचकली. मला तिची दया आली, आणि कशाची कोण जाणे, भीतीही वाटली.

तोवर आबांच्या घशातल्या गाठीचं निदान झालेलं. स्वरयंत्र काढावं लागणार, बोलणं जाणार, हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं.

"देऊ नका," आई म्हणाली. "मेंढराला काय कळतंय, हाळी गळ्यातनं आली का डबीतनं?"

आबांनी कळपाकडं बघितलं. मग म्हणाले, "गळ्यात तर ऱ्हाणार नाय आता. कुठंतरी ऱ्हाऊ दे."

मला रडू आवरेना. मला त्यांचंच पटलं. आईला नाय पटलं. तिनं त्या मुलीला चहासुद्धा विचारला नाय, आणि आलेल्या माणसाला चहा न विचारणारी आई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

आबांनी हाळी रेकॉर्ड करून दिली, आणि मग ऑपरेशन झालं. आबांच्या गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, आवाज गेला. टाळ्या वाजवून बोलवायचे, तर मेंढरं बघायची आणि परत चरायला लागायची. कळप आता माझा भाऊ हाकायचा, पण त्याची हाळी त्यांच्या अजून अंगवळणी पडली नव्हती.

दुसरा भाग आला तशी लोकांची रीघ लागली. कुणी हार आणायचं, कुणी पाया पडायचं. एका संध्याकाळी मी माहेरी होते. कळप रस्त्याच्या अलीकडं चरत होता. पलीकडं तीन-चार मोटारसायकली थांबल्या. छातीवर आबांचं चित्र असलेले टी-शर्ट घातलेली, प्रेमानं आलेली माणसं. त्यांना आबांना खूश करायचं होतं. एकानं स्पीकर वर धरला.

आबांची हाळी! ऑपरेशनच्या आधीची, भरल्या गळ्याची. खरं सांगते, क्षणभर लई बरं वाटलं. मग पुढच्या मेंढीनं मान वर केली.

"बंद करा! अरं बंद करा, मुडद्यांनो!"

स्पीकरपुढं माझं काय ऐकू जातंय? मेंढी निघाली, तिच्यामागं सगळा कळप रस्त्यावर. आबा धावत होते. तोंड उघडं, आणि गळ्याच्या भोकातनं नुसती हवा. स्पीकरमधले आबा बोलवत होते आणि हे आबा थांबवत होते. मेंढरांनी ज्याचा आवाज होता त्याचं ऐकलं. दौलताबादकडनं ट्रक येत होता.

ती माणसं नंतर मेलेल्या मेंढरांपाशी बसून रडली. ग्रुपवर त्याच दिवशी मागणी सुरू झाली, हाळी काढून टाका. कंपनीनं लगेच काढली. खेळणाऱ्याला कोण विचारतंय, असं मी आता म्हणत नाय.

पण ज्यांच्या फोनात ती आधीच गेलीय, त्यांच्याकडनं कोण काढणार? आबा आता वाडा सोडत नाहीत. रस्त्याला एखादी मोटारसायकल नुसती हळू झाली तरी उठतात, कळपाच्या पुढच्या मेंढीपाशी जातात, आणि गाडी जाईपर्यंत तिचे दोन्ही कान तळहातांनी झाकून धरतात.