बाबांची नाकवाली गाडी

माझे बाबा बल्लारपुरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होते. गडचिरोलीच्या जंगलातून बांबू भरायचा आणि कागद कारखान्यात आणून उतरवायचा, हे कंपनीचं मुख्य काम. उन्हाळ्यात तेंदूपत्ता असायचा, दिवाळीनंतर धान. कंपनीच्या सगळ्या गाड्या निळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या दारावर उडी मारणारं हरीण काढलेलं असायचं. पेंटर एकच होता, त्यामुळे सगळी हरणं सारखीच जाड. बाबा हसत म्हणायचे, "हे हरीण कुंपणावरून नाई जाऊ शकत, कुंपण घेऊन जाईन."

बाबांची गाडी कंपनीतली सगळ्यात जुनी. आताचे ट्रक चपट्या तोंडाचे असतात. हिचं इंजिन पुढे लांब नाकासारख्या बॉनेटमध्ये होतं, म्हणून सगळे तिला नाकवाली म्हणत. शाळेला सुट्टी असली की कधीकधी बाबा मला सोबत नेत. आईने दिलेला डबा ते बॉनेटखाली इंजिनाजवळ ठेवायचे. डेपोवर पोहोचेपर्यंत भाजी गरम झालेली असायची आणि तिला डिझेलचा किंचित वास यायचा. मला तो आवडायचा. अजून आवडतो, पण तशी भाजी आता कुठे मिळणार?

क्लीनर म्हटलं की लोकांना एखादा पोरगा डोळ्यांसमोर येतो. बाबांचा क्लीनर त्यांच्याच वयाचा होता. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावचा माडिया आदिवासी, उंच आणि कमी बोलणारा. मी त्यांना काका म्हणायची. ते बाबांना उस्ताद म्हणत आणि बाबा त्यांना गड्या. त्यांना गाडी उत्तम चालवता यायची, पण ड्रायव्हर व्हायचं नव्हतं. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही काऊन नाही चालवत?" तर म्हणाले, "मले मागचा माल पाहाले आवडते. समोरचा रस्ता तुह्या बाबाले पाहू दे."

त्या दोघांची एक गोष्ट आमच्या घरात कितीदा सांगितली गेली असेल. भर पावसाळ्यात बांबू भरून परतताना एका गावात लोकांनी गाडी अडवली. एक बाई बाळंतपणात अडली होती. तिला कॅबिनमध्ये घेतलं. पुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे कठडे नसलेला ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला होता, त्याच्या कडा दिसत नव्हत्या. काका हातात बांबू घेऊन पाण्यात उतरले, चाचपत पुढे चालू लागले, आणि बाबांनी त्यांच्या पाठीवर नजर ठेवून गाडी पाण्यात घातली. "मी रस्ता पाह्यलाच नाई," बाबा सांगत. "त्याची पाठ पाह्यली." बाई आणि बाळ दोघं वाचली. नंतर त्या गावातून नाकवाली कधी रिकामी आली नाही. कोणी मोहफुलं आणून ठेवायचं, कोणी मध, कोणी नुसतं उभं राहून हात हलवायचं.

पुढे कारखान्याला माल मोठ्या ट्रेलरमधून आणि रेल्वेने येऊ लागला. कंपनीच्या गाड्या एकेक करून विकल्या गेल्या. नाकवालीला गिऱ्हाईक मिळेना. मालक बाबांना म्हणाला, "तूच घेऊन जा. तुझ्याशिवाय ती कोणाचं ऐकत पण नाही." कंपनीच्या आवारात आता मोटारसायकलींची शोरूम आहे.

काही वर्षं बाबांनी ती स्वतः चालवली. विटा, लग्नाची वऱ्हाडं, बदली झालेल्या मास्तरांचं सामान. काका सोबत होतेच. मग दोघांचं पोट भरेल इतकीही कामं मिळेनात. एके दिवशी काकांनी कपड्यांची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "उस्ताद, मी गावाले जातो. तुह्यानं मले जा म्हणणं नाई होत, म्हणून मीच म्हणून राह्यलो." बाबा त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवून आले आणि जेवले नाहीत.

गाडी आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उभी राहिली. कागदपत्रांची मुदत संपली, तिला रस्त्यावर काढायची सोय उरली नाही. तरी दर रविवारी बाबा बॉनेट उघडायचे, हँडल मारून गाडी सुरू करायचे, तिला थोडा वेळ धडधडू द्यायचे. शेजारी धुराची तक्रार करू लागले. मग प्लॉट विकला गेला आणि नव्या मालकाने गाडी हलवायला सांगितली. भंगारवाला येऊन चाकांवर लाथ मारून गेला. बाबांनी त्याला परत पाठवलं.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. माझ्याबरोबरच्या एका बाईंनी गाडीचा फोटो काढून मोबाईलवर टाकला होता. तो पाहून एक मॅनेजर आला. वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जंगलाच्या कडेला नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथला. तरुण होता, गोड बोलायचा. गाडीभोवती फिरत म्हणाला, "काका, हे सोनं आहे सोनं. लोकांना जुन्या गोष्टी हव्या असतात. आम्ही हिला जपू."

बाबांनी एवढंच विचारलं, "चालू राहीन ना?"

"हो, का नाही?"

क्रेनने तिला उचललं तेव्हा बाबांनी दारावरचं हरीण आपल्या उपरण्याने पुसलं. आई घरातून बाहेर आली नाही.

हिवाळ्यात मी बाबांना गाडी दाखवायला घेऊन गेले. पहारेकऱ्याने फाटकावर बराच वेळ थांबवून ठेवलं. आत हिरवळीवर नाकवाली उभी होती. पुन्हा निळी रंगवलेली, काचा लखलखीत. हौद्यात टेबलखुर्च्या मांडल्या होत्या. दारावर हरीण होतं, पण नवं, सडपातळ, एखाद्या पुस्तकातल्यासारखं. बाबा सवयीने पुढे गेले आणि त्यांनी बॉनेट उचललं. आत बर्फ होता. बर्फात थंड पेयांच्या बाटल्या.

"इंजिन कुठी हाये?" बाबांनी विचारलं.

मॅनेजर म्हणाला, "अहो काका, ते काढलं. तेल गळत होतं, लॉन खराब होत होतं."

बाबांनी बॉनेट हळूच खाली ठेवलं. मग कॅबिनमध्ये चढून स्टिअरिंगला हात लावून बसले. तेवढ्यात पाहुण्यांचं एक कुटुंब आलं, आणि त्यांच्या मुलीने बाबांसोबत फोटो काढून घेतला. तिची आई म्हणाली, "किती ऑथेंटिक!" मॅनेजरचा चेहरा उजळला. जाताना त्याने मला बाजूला घेतलं. सीझनभर बाबांनी इथे राहावं, खाकी कपडे आम्ही देऊ, फक्त गाडीत बसायचं आणि लोकांशी बोलायचं.

मी नाही म्हणाले. बाबा मागेच उभे होते. म्हणाले, "येतो ना मी. घरी बसून काय करू? इथी गाडीत तं बसीन."

तसे ते तिथे राहू लागले. सुट्टीच्या दिवशी मी त्यांची औषधं पोचवायला जायची. त्यांना कडक इस्त्रीचे खाकी कपडे दिले होते. तसले त्यांनी कंपनीत कधी घातले नव्हते. तेव्हा ते बनियनवर गाडी चालवत. सुरुवातीला पाहुण्यांना ते रपट्याची गोष्ट सांगायचे. पाहुणे फोटो निघेपर्यंत ऐकायचे. मग कोणीतरी विचारायचंच, "काका, वाघ दिसायचा का?" हळूहळू बाबा वाघाचंच सांगू लागले.

"आम्हाला कधी सांगितलं नाही तुम्ही वाघाचं," मी म्हणाले.

"एकदाच दिसला होता, तोही दुरून," बाबा म्हणाले. "आता रोज पाह्यतो."

होळीच्या आधी त्यांनी बसच्या कंडक्टरकडून काकांना निरोप धाडला, की गाडी पाहायला ये. का बोलावलं असेल, हे मला नीट कळलं नाही. कदाचित त्या गाडीत एकट्याने बसवत नसेल. काका आले त्या दिवशी मी तिथेच होते. पांढरा धुतलेला सदरा घालून, तीन बस बदलून आले होते. फाटकावर त्यांना अडवलं, तेव्हा बाबा खाकीतच धावत गेले आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन आले.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हौद्याच्या फळ्यांवरून हात फिरवला. चाकांपाशी वाकून पाहिलं. चाकं सिमेंटात रोवली होती. बॉनेट त्यांनी उघडलं नाही. बाबा म्हणाले, "चढ ना गड्या, बस माह्या बाजूनं." काका चढणार इतक्यात मॅनेजर आला. बाबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "हा माहा साथी. आम्ही दोघं मिळून चालवत होतो हे गाडी."

"गावाकडचे का? माडिया?" मॅनेजर खूश झाला. त्याने आतून एक टोप आणवला. संध्याकाळच्या नाचाच्या कार्यक्रमासाठी ठेवलेला, मोरपिसांचा आणि शिंगांचा. "काका, हा घाला ना. ड्रायव्हर आणि त्याचा आदिवासी मित्र. फोटो एकदम छान येईल."

काकांनी टोप हातात घेतला. ती शिंगं प्लास्टिकची होती. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मी पण पाहिलं. बाबांनी काहीतरी म्हणावं म्हणून आम्ही दोघं थांबलो होतो. बाबा स्टिअरिंग धरून बसले होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "घाल ना गड्या. एक फोटो काढू दे त्यायले. काय होते?"

काकांनी टोप गाडीच्या पायरीवर नीट ठेवला. "उस्ताद," ते म्हणाले, "तू उतर. घरी चाल."

"कुठी जाऊ? गाडी इथी हाये."

"हे गाडी नाई. हे मुर्दा होय. लोकं मुर्द्याले बाहेर नेतात, तू त्याच्यात बसून राह्यला."

बाबा उतरले नाहीत. काका फाटकाकडे चालू लागले. मी माझ्या गाडीने सोडते म्हणून मागे धावले, तर म्हणाले, "नोको बाई. तू बाबाजवळ थांब."

पावसाळ्यात जंगल बंद झालं, रिसॉर्टही ओस पडलं. बाबांना घरी पाठवलं. पाऊस संपता संपता मॅनेजरचा फोन आला: हौद्याच्या फळ्या कुजल्या, गाडी काढून टाकली, त्या जागी दुसरं काहीतरी करतोय. कुठे टाकली, हे मी विचारलं नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते तांदूळ निवडत बसले होते. निवडतच राहिले. मग म्हणाले, "मले गड्याच्या गावाले नेतं का?"

मी त्यांना घेऊन गेले. मुलचेऱ्यापर्यंत रस्ता ओळखीचा वाटला. पुढे मात्र बाबांना काही ओळखता येईना. जिथे दोन्ही बाजूंची झाडं कॅबिनला घासायची, तिथे रुंद रस्ता झालाय आणि लोहखनिजाची माती भरलेले मोठाले टिप्पर एकामागे एक धावतात. रपटा राहिला नाही, वर पूल आलाय. काकांचं घर आधी गावाच्या आत होतं, आता रस्ताच त्यांच्या दारात आलाय. कौलं, कुंपण, कोंबड्या, सगळ्यांवर लाल धूळ बसली होती.

काकांनी खाट टाकली. त्यांच्या सुनेने काळा चहा दिला. काका आदराने वागले, आमच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. बाबा खाटेवर पुढे सरकून बसले.

"गड्या, त्या दिवशी मी..."

टिप्पर गेला. खाट थरथरली.

"काय म्हणतं उस्ताद?"

"त्या दिवशी तू म्हणला न, मी..."

दुसरा गेला, त्याच्यामागे तिसरा. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तोंडावर पदर आणि रुमाल धरून बसलो. आवाज थांबला तेव्हा काकांनी पुन्हा विचारलं, "काय?"

"काई नाई," बाबा म्हणाले. "गाडी गेली. भंगारात."

"ते तं कधीच गेलती, उस्ताद." जरा वेळाने ते म्हणाले, "माह्या मनात काई नाई. पण आता मले बोलवू नोको. मी येत नाई."

निघताना ते आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. बाबांनी त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी तो घेऊ दिला. परतताना पुढे-मागे टिप्परच होते. बाबा सगळा वेळ डोळे मिटून होते, झोपले नव्हते.

दिवाळी झाली आणि रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. यंदा त्यांनी हिरवळीवर जुनं पोस्ट ऑफिस उभारलंय. लाल पेटी, लाकडी खिडकी, सगळं. तुमच्या बाबांसारखा चेहरा मिळत नाहीये, त्यांना खिडकीत बसायला पाठवाल का? मी रागाने फोन ठेवला. बाबांनी विचारलं कोण होतं, आणि मी चिडूनच सगळं सांगून टाकलं. त्यांना हसू येईल, नाहीतर ते शिवी देतील, असं वाटलं होतं.

 त्यांनी आईला आपली पिशवी काढायला सांगितली.

गेल्या रविवारी मी औषधं पोचवून आले. पोस्टमनची टोपी त्यांना मोठी होते, सारखी कपाळावर येते. खिडकीबाहेर पाहुण्यांची रांग होती. एका मुलाने विचारलं, "आजोबा, जंगलात पत्रं वाटताना वाघ दिसायचा का?"

"हो ना," बाबा म्हणाले, आणि सांगू लागले.