तुमच्या वाटचं गाणं

आज चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शेजारच्या बाकावर सुशीला होती. महिन्यापूर्वी तिची आई वारली. सगळे उभे राहून गात होते, तिचे ओठ मात्र घट्ट मिटलेले. पण हातातल्या गीतांच्या पुस्तकावर तिचं बोट आमच्या गाण्याबरोबर एकेका ओळीखालून सरकत होतं.

बायको गेली तेव्हा मीही असाच उभा राहायचो. देवावर रुसलो होतो. गाता येत नाही तर यायचंच कशाला, म्हणून एकदा मधूनच निघालो, तर दाराशी बसणाऱ्या मार्थाबाईंनी हात धरला.

"भाऊ, गाऊ नका. नुसते उभे राहा. तुमच्या वाटचं आम्ही म्हणतो."

आणि खरंच, त्या दिवशी त्या म्हातारीनं खच्चून आवाज लावला.

कितीतरी उपदेश ऐकले, पण हे कळलं ते त्या दाराशी. आपल्या हातात बळ येईपर्यंत आपला विश्वास शेजारचं माणूस धरून ठेवतं.

मार्थाबाई आता नाहीत. माझा आवाज बेसूर, नातवंडं हसतात. तरी शेवटचं कडवं मी आज जरा मोठ्यानंच म्हटलं. दोघांचं म्हणायचं होतं ना!