भेंडाचे मणी

जंतूंना मनापासून मान देणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच होता, तो म्हणजे आमचे मामा. आत्याचे यजमान. गाव वैराग, नोकरी इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी साबण मिळे. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींचीही त्यांनी नखं तपासली. लग्न जमलं ते आत्याच्या शेंगापोळ्यांमुळे.

पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू दिसू लागले तशी मामांची झोप उडाली. "त्यांच्यापाशी कात्री हाय बघ," ते मला सांगत. "औषध आलं की कापून टाकत्यात. त्या कात्रीत अडकून बसंल असं कायतरी द्यायचं, मग औषध आपलं काम करतंय की." या 'कायतरी'च्या रेणूचा नमुना ते घरीच घडवत. ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचे मणी करायचे आणि बाभळीच्या काट्यांनी जोडायचे. मणी रंगवायला कार्बनला कोळसा, नायट्रोजनला नीळ, गंधकाला हळद, ऑक्सिजनला कुंकू. दिसायला पेनिसिलिनसारखंच, पण कात्रीतून न सुटणारं. एकदा शेजारची शेळी अख्खा रेणू काट्यांसकट खाऊन गेली. मामा गंभीरपणे म्हणाले, "हिनं पचवला म्हंजे जंतूबी पचवणार. बांधणी कच्ची हाय." आत्या मात्र कुंकवाचा करंडा पदराआड धरून बजावी, "हळद लागंल तेवढी घ्या. कुंकू मला इचारल्याबिगर घ्यायचं न्हाय."

मग आत्याच्या पायात खिळा गेला आणि जखम चिघळली. तपासणी मामांनीच केली. काचेच्या बशीत पेनिसिलिनच्या चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं दिसायला हवं होतं. जंतू चकतीला खेटून वाढले होते. हाताशी होती ती दुसरी औषधंही लागू पडली नाहीत. "मला समदं कळतंय रं, करता कायच येत न्हाय," मामा मला म्हणाले. आठवड्याभरात आत्या गेली. करंडा कोनाड्यात तसाच राहिला आणि घरात धाटं यायची थांबली.

पुढे मी पुण्याला शिकत असताना एका विलायती नियतकालिकात वाचलं, की मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून असाच रेणू मिळाला आहे. तो रेणू स्वतः फारसे जंतू मारत नाही, पण ती कात्री निकामी करतो. आकृती उतरवून घेऊन मी सोलापूरला आलो. मामांनी चष्मा पुसून कागद पाहिला.

"गंधकाच्या जागी ऑक्सिजन," ते म्हणाले. "आन् मी तितं हळदच लावत बसलो."

कागद आणायला नको होता, असं मला फार वाटलं. पण मामांनी धाट मागवलं, मणी कातले. कोळसा झाला, नीळ झाली. मग त्यांनी कोनाड्यातला करंडा काढून धोतरानं पुसला. झाकण उघडलं नाही. भिंतीवरच्या आत्याच्या फोटोकडे पाहून म्हणाले, "घेऊ का गं?"

आणि उत्तराची वाट पाहत थांबले.