फोल्डरकाकांचा खरखरणारा मारवा

फोल्डरकाकांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. कुणाच्या घरी गेले की दारातच उभे, एक पाय चपलेत, एक बाहेर, हात चौकटीवर आणि पहिला प्रश्न, "ऐकलंस का?" कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. परवा दिलेला अल्बम ऐकला की नाही, तेवढं सांगायचं. "काका, बसा ना" म्हटलं की म्हणायचे, "बसायला आलो नाहीये मी." आणि मग तिथेच अर्धा तास, या पायावरून त्या पायावर.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये त्यांना सगळे याच नावानं ओळखायचे. नोकरी यंत्रांच्या दुरुस्तीची, पण जीव अडकलेला गाण्यांत. जन्मभर जमवलेल्या कॅसेट्स त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, बुरशी लागलेल्या फेकून दिल्या, आणि मग ती गाणी नीट लावायच्या मागे लागले. आधी गायकांप्रमाणे फोल्डर केले. महिन्याभरात ते मोडून रागांप्रमाणे. तेही मोडून प्रहरांप्रमाणे. "अजून मनासारखं लागलं नाही गं," हे त्यांचं पालुपद. मी नागपूरहून टाउनशिपच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलं नाही. त्या होत्या तेव्हा काकांना दटावून का होईना, जेवायला तरी बसवायच्या, असं शेजारी सांगायचे.

काका एका वेळी एकच अल्बम द्यायचे. पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला, सोबत चिठ्ठी. तिसरं गाणं होईपर्यंत मत द्यायचं नाही. भाजी चिरताना ऐकायचं नाही. आवडलं नाही तर का नाही, ते सांगायचं. मलाही गाण्याचं वेड, त्यात मी शिक्षिका, म्हणून मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी झाले. "मास्तरीणबाई, कान आहे तुला," म्हणाले एकदा. मी आठवडाभर हवेत होते.

सगळ्यात नालायक विद्यार्थी म्हणजे मिश्राजी. काकांच्याच खात्यातून निवृत्त होऊन भोपाळमध्येच कोटरा सुल्तानाबादला राहायला गेलेले. ऐकलं की नाही, विचारलं तर हसायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर एकाही गाण्याला नाव नाही, 'न्यू फोल्डर' आणि त्याच्या पोटात आणखी 'न्यू फोल्डर'. "हा माणूस गाण्यांचं भंगार करतो," असं म्हणत काका कपाळावर हात मारायचे, आणि तरी पुढचा अल्बम आधी त्यांनाच द्यायचे.

पहिल्याच महिन्यात मिश्राजींकडून फिरून माझ्याकडे मारव्याचा पेनड्राइव्ह आला. "या रागाला 'सा'वर टेकायला आवडत नाही, बघ," काका म्हणाले होते. ऐकते तर नुसती खरखर, आणि मध्येच कुणी बाई बोलतेय. मी तिथेच बंद केलं. दुसऱ्या दिवशी शिष्टपणे म्हटलं, "काका, स्वच्छ नाही का तुमच्याकडे? हे काय दिलंत?" काका ओशाळले. "चुकून गेलं ते," म्हणाले, आणि संध्याकाळी स्वच्छ प्रत घेऊन आले. मला वाटलं, काय कान आहे माझा!

पुढे काकांच्या निवृत्तीचे दिवस आले. क्वार्टर सोडून पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं, ट्रकही सांगून झाला. पण गाण्यांची डिस्क काही मनासारखी लागेना. एकेका गाण्याच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती. शेवटी डिस्क माझ्या हातात देऊन म्हणाले, "दोन दिसल्या की स्वच्छ ती ठेवायची, खराब ती उडवायची. दयामाया नको." मी दोन दिवस पदर खोचून बसले आणि धडाधड उडवत सुटले. डिस्क परत मिळाल्याबरोबर काकांनी नेहमीच्या सवयीनं दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल उतरवली. इथे जे गेलं ते तिथूनही गेलं. आणि जागा मोकळी झाली म्हणून संध्याकाळभर नव्यानं फोल्डर रचत बसले. बसले कसले, उभ्यानेच.

सकाळी दारात काका. दोन्ही पाय चपलेत.

"मारवा एकच दिसतोय."

"हो काका. खरखरणारा उडवला."

"बरं केलंस. नियमच आहे आपला." गेले. कॉलनीच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यात ही बोलते गं. रेडिओपुढे टेप ठेवून घरीच भरला होता मी, ती कॅसेट तर बुरशीत केव्हाच गेली. तिचा आवाज तेवढ्यातच आहे."

"अहो, मग सांगायचं ना आधी!" मी ओरडलेच त्यांच्यावर. चूक माझी आणि ओरडतेय मी!

"काय सांगू? सगळ्यांना नियम शिकवायचे आणि स्वतः खराब प्रत जपायची?"

मग आमची धावाधाव. दुरुस्तीवाल्यानं डिस्क तपासून मान हलवली. "मॅडम, इसके ऊपर तो दूसरा माल चढ़ गया." ज्याला-त्याला फोन केले. सगळे काकांचे आज्ञाधारक विद्यार्थी. ऐकून झालं की पुसायचे, नाहीतर स्वच्छ प्रत मागून घ्यायचे. माझ्यासारखेच. ट्रक परवावर आलेला. आणि मला एकदम आठवलं, तो पेनड्राइव्ह माझ्याआधी कुणाकडे होता ते.

स्कूटरवर माझ्यामागे काका कोटऱ्यापर्यंत कुरकुरत होते. "त्याच्याकडे काय मिळणार? त्या उकिरड्यात?" मिश्राजींनी शांतपणे कॉम्प्युटर लावला. "भाईसाहब, आपने जो दिया, सब उतार लिया. मिटाना हमसे होता ही नहीं." मी एकेक फोल्डर उघडत होते. काका स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. तास गेला. दीड गेला. 'ट्रॅक तीन' नावाची कितीतरी गाणी उघडली, आणि एकातून खरखर आली.

तानपुरा. कुकरची शिट्टी. मग अगदी जवळून, हसत, एक बाई म्हणाली, "अहो, बसा ना जरा. किती त्या येरझारा! गाणं काय पळून चाललंय?"

काका दारात होते, हात चौकटीवर. तसेच आत आले, आणि चपलांसकट मिश्राजींच्या दिवाणावर बसले. मारवा संपेपर्यंत हलले नाहीत. चहावर साय धरली. माझे डोळे गळत होते आणि मी ते पुसतही नव्हते.

"काका, नाव काय देऊ याला? कुठल्या फोल्डरात टाकू?" मी विचारलं.

"राहू दे तसंच. पुन्हा लाव."

ट्रक ठरल्या दिवशी गेला. दर रविवारी पुण्याहून फोन येतो आणि आधी "ऐकलंस का?" हेच येतं. मी आता काही उडवत नाही, माझी डिस्क मिश्राजींच्या वळणावर गेलीय; त्याबद्दल शिव्या खाते. परवा फोनवर काकांच्या मागे ती खरखर ऐकू आली. मी विचारलं, "काका, बसलाय ना?"

त्यांनी तानपुऱ्याचा आवाज जरा कमी केला. मग म्हणाले, "हो गं. बसलोय."