अप्पांची माती आणि गौरीचा पेपर

अप्पा दहा दिवसांपूर्वी गेले, आणि आम्ही कुणालाही त्यांच्या जाण्याची पोस्ट टाकू दिली नाही.

फोन करकरून सांगणाऱ्यांत मीही होतो. "स्टेटस ठेवू नका. गौरीला कळेल. तिचा पेपर होऊ द्या."

गौरी अप्पांची नात. लातूरला होस्टेलवर राहून मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती.

लातूरकरांना यात नवीन काही नाही. आमच्या गावात कितीतरी पोरांचे आजी-आजोबा पेपर होईपर्यंत जिवंत असतात.

अप्पा मूळचे जळकोटचे. नांदेडला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मी लातूरच्या शाळेत मराठी. शाळेतल्या कविता मी अजून चालीवर म्हणतो, म्हणून ते मला 'कविराज' म्हणायचे.

आमचा वाद भूकंपापासूनचा.

तेव्हा आम्ही दोघं लातूरच्या दवाखान्यात मदतीला होतो. औशाकडचा एक माणूस, पाय मोडलेला, सारखा बायकोला विचारायचा. ती ढिगाऱ्यातच गेली होती. मी म्हणालो, "सोलापूरला हलवलंय. बरी आहे."

तो झोपला. मला वाटलं, केवढं चांगलं काम झालं हातून.

अप्पांना कळलं तसे ते गेले आणि खरं सांगून आले. तोवर गावात गेलेल्या सगळ्यांना एकत्रच अग्नी देऊन झाला होता.

तो माणूस रडला नाही. एवढंच म्हणाला, "तिच्या अंगावर लुगडं कोणतं होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं.

मी अप्पांना म्हणालो, "सांगितलं असतं तर तो त्या रात्रीच धक्क्यानं गेला असता."

"आन् न्हाई गेला असता तर? जीपमध्ये घालून नेला असता त्याला. कविराज, त्याची बायको, त्याचा अग्नी. तुम्ही कोण ठरवणार?"

पुढे कधीही भेटलो की हेच. ते म्हणायचे, खोटं ते खोटं, त्यातून काय निघालं ते नंतर. मी म्हणायचो, निघालं काय तेच बघायचं. माणूस जगला ना? मग झालं.

"तुमच्या हिशोबात जे दिसतं तेवढंच येतं," ते म्हणायचे. "लुगडं येत न्हाई."

मग चहा. बिल मात्र दोघंही दुसऱ्याचं कर्तव्य मानायचो.

या उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला. "कविराज, गौरीला बोलवा. माझ्यासाठी न्हाई. मी चाललोय हे तिला कळलं पाहिजे."

मी मान डोलावून "हाव" म्हणालो.

बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. "काका, पाया पडतो. लई मेहनत केलीय पोरीनं. आता सांगितलं तर सगळं पाण्यात."

मी त्यालाही "हाव" म्हणालो.

दोन शब्द दिले होते. एकच पाळता येणार होता. मी सोयीचा पाळला, आणि त्याला समजूतदारपणा म्हणालो.

अप्पा रोज विचारायचे, "गौरी निघाली का?" आम्ही सांगायचो, टेस्ट आहे. शेवटी शेवटी ते विचारेनासे झाले. ते समजले होते, हे आम्हालाही समजलं होतं.

जळकोटला शेतात त्यांची माती झाली. सगळे होते. नात नव्हती.

मातीनंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा गौरीचा डबा घेऊन होस्टेलवर गेलो. तिनं डबा उघडायच्या आधीच विचारलं, "आजोबांना दुखतंय का अजून?"

"नाही गं," मी म्हणालो. "आता नाही दुखत."

एकही अक्षर खोटं नव्हतं. इतकं पक्कं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

ती हसली. "मग ती पावसाची कविता म्हणा ना, लातूरआजोबा. अप्पा-आजोबांना चिडवायला म्हणता ती."

मी म्हटली. हात वर करून, शेवटच्या कडव्यापर्यंत. चाल कुठेही चुकली नाही.

काल तिचा पेपर झाला. गेटमधून ती उड्या मारतच आली. "भारी गेला! अप्पा-आजोबांना फोन लावा आधी!"

तिच्या वडिलांनी तिला लिंबाखाली नेऊन सांगितलं.

तिथून ती सरळ माझ्याकडे आली.

"म्हणजे त्या रविवारी..."

"हो."

"आणि तुम्ही कविता म्हटली?"

"हो."

"त्यांनी मला बोलावलं होतं का?"

इथेही जीभ खोट्याकडेच वळली होती. शुद्धीत नव्हते, शांत होते, असलं काहीतरी तयारच होतं तोंडात.

"रोज बोलावलं," मी म्हणालो.

ती रडली नाही. मला तो औशाकडचा माणूस आठवला.

आज सकाळी ती जळकोटला गेली, आजोबांवर मूठभर माती घालायला. मी चपला घालून तयार होतो.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. अगदी हळू. शेवटी 'आजोबा' नव्हतं.

अप्पा, पेपर चांगला गेलाय. मार्क भरपूर पडतील म्हणतात. माझ्या हिशोबानं मी वाद जिंकलो.

तुम्ही समोर असता तर म्हणाला असता, "बघा कविराज, लुगडं राहिलंच."

राहिलं, अप्पा.

नातीला कळल्यानंतरच तुमचं नाव इथे लिहितोय. तेवढं एक तरी तुमच्या मनासारखं.

बरं, या आता, अप्पा.