बोडका राघू, मोडलेले कान

आमच्या आप्पांना दोन गोष्टींचा गर्व होता. एक त्यांचे मोडलेले कान आणि दुसरा आमचा राघू. तरुणपणी तालमीत लढताना कानांच्या पाकळ्या चेंगरून त्यांच्या गाठी झाल्या होत्या, आणि कोल्हापुरात असे कान म्हणजे पदवीच. लग्नाकार्यात लोक नवरदेव सोडून आपल्या कानांकडंच बघत बसतात, असं खुद्द आप्पाच सांगायचे. त्या कानांना कुणी नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. मग आप्पांना कमी ऐकू येतं, हे बोलून दाखवायची सोय घरात कुठून असणार?

राघू आला तेव्हा मी पाचवीत होते. आप्पा साखर कारखान्यात मिलवर कामाला होते, ऊस जिथं भरडून निघतो तिथं. एकदा वाऱ्यानं रस्त्याकडेचं झाड पडलं आणि त्याच्या ढोलीतलं हे पिल्लू आप्पांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. एक पंख वाकडा झालेला, त्यामुळं उडणं काही त्याच्या नशिबात नव्हतं. राघू पाळणं हा गुन्हा आहे, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं. आप्पांनी पिंजरा आणला आणि रोज सकाळी दात घासत घासत त्याला एकच धडा द्यायला सुरुवात केली, "राम राम पावणं." सहा महिन्यांनी राघू खरंच म्हणाला, "राम राम पावणं." त्या दिवशी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मी चौथीच्या परीक्षेत पहिली आले होते, तेव्हा खडीसाखर वाटली होती. असो.

दोन वर्षांनी रंगीत टीव्ही आला. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, धड खिळा एकाच भिंतीला बसायचा, म्हणून टीव्हीच्या शेजारीच पिंजरा टांगला. "बघू दे की त्यालाबी. तेवढीच करमणूक," आप्पा म्हणाले. आणि राघूनं खरंच बघायला सुरुवात केली. बातम्यांची सुरावट लागली की तो शीळ घालायचा. क्रिकेटमध्ये लोक ओरडले की हा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा, मग आऊट आपला असो नाहीतर त्यांचा. पुढं केबल आली आणि मालिकांचा सुकाळ झाला. त्यातली सासू काही बोलली की धडाम, धडाम, धडाम वाजून तिचं तोंड तीनदा दाखवायचे. राघू प्रत्येक धडामला मान झटकायचा, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा आईकडं. आई म्हणायची, "ह्याला सासुरवास माझ्यापेक्षा जास्त कळतोय."

मालिकेतला फोन वाजायचा तसा आवाज काढायला तो शिकला आणि आईची धावपळ वाढली. ती कणकेच्या हातानं पळत यायची, रिसीव्हर उचलायची, "हॅलो, हॅलो" करायची आणि मग पिंजऱ्याकडं बघून जे काही बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकदाच तो टीव्हीला घाबरला. जंगलातल्या प्राण्यांच्या कार्यक्रमात एक घार पंख पसरून सरळ समोरून झेपावत आली, तसा राघू दांडीवरून खाली पडला आणि पिंजऱ्याच्या तळाशी अंग चोरून बसला. पुढचा दिवसभर त्यानं पेरूला चोच लावली नाही. आप्पांनी फर्मान काढलं की आमच्या घरात ते चॅनेल बंद. घरात रिमोट कुणाचाही असो, सेन्सॉर राघू होता.

इथवर सगळं मजेत होतं. मग आप्पा रिटायर झाले आणि दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. पंचवीस वर्षं मिलच्या घरघराटात काढलेला माणूस, त्यांना टीव्ही कुजबुजल्यासारखा वाटायचा. महिन्या-महिन्याला आवाजाचा काटा एकेक घर पुढं सरकत गेला. मालिकेतली सासू आमच्या घरात बोलायची आणि कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला मला सांगायचा, "आज सुनंला घराबाहेर काढलं न्हवं?" कुणी काही बोललं की आप्पांचं ठरलेलं, कानामागं हात आणि, "आँ? मोठ्यानं बोल की!" दिवसातून शंभर वेळा. आम्ही मोठ्यानं बोलायचो, टीव्ही त्याहून मोठ्यानं बोलायचा, आणि राघू दोघांच्या वरताण किंचाळायचा. आप्पा कौतुकानं म्हणायचे, "रंगलंय बघ गडी!"

गडी रंगला नव्हता. एक दिवस पिंजऱ्याखाली हिरवी पिसं पडलेली दिसली. आधी दोन-चार, मग रोज मूठभर. राघू स्वतःच चोचीनं छातीवरची पिसं उपटत होता. महिन्याभरात त्याची छाती उघडी पडली, खाटकाकडं कोंबडी सोलून ठेवतात तशी. कातडीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. हे असंच चाललं तर पाखरू हातचं जाणार, हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं आणि आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आता इतर कुठल्या गावातला माणूस असता तर त्यानं डॉक्टर गाठला असता. आमचे आप्पा पडले पैलवान. त्यांचं निदान एका क्षणात झालं, "अंगात ताकद न्हाय त्याच्या. खुराक लावला पायजे." माळ्यावरची, तालमीच्या दिवसांतली घोटायची कुंडी खाली आली. पाच बदाम घोटून थंडाई झाली. संध्याकाळी आप्पा लोटा घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचे, तिथं डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाचं कोमट दूध देतात, ते आणायचे आणि राघूच्या वाटीत दोन चमचे ओतायचे. कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, "पैलवान, पुन्हा कुस्ती धरताय व्हय?" तर आप्पा गंभीरपणे म्हणाले, "मी न्हाय. घरात एक तयार करतोय." राघूनं बदाम आवडीनं खाल्ले, दुधानं त्याचं पोट बिघडलं, आणि बदामाची जी काही ताकद आली ती सगळी त्यानं ओरडण्यात आणि पिसं उपटण्यात घातली.

पहिला संशय आईला आला. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, दुपारी तीन-चार तास लाईट जायची. आई म्हणाली, "बघ, लाईट गेली की ह्यो शांत बसतोय. पिसं नीट करतोय, उपटत न्हाय." मी बघितलं तर खरंच होतं. पण हे आप्पांना सांगायचं म्हणजे आवाजाचा विषय काढायचा, आणि आवाजाचा विषय म्हणजे कानांचा विषय. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरना घरी घेऊन आले. ते आधीच म्हणाले, "म्हशीचं काय बी विचारा. पाखराचं मला फारसं कळत न्हाय." पण आले बिचारे. सोप्यात टीव्ही दणदणत होता. ते आप्पांना म्हणाले, "हा आवाज रोज एवढाच असतोय काय?"

आप्पांनी कानामागं हात नेला, "आँ? मोठ्यानं बोला की!"

आणि पिंजऱ्यातून, अगदी आप्पांच्या घोगऱ्या आवाजात, "आँ? मोठ्यानं बोल की!"

डॉक्टरांनी एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा राघूकडं. आप्पा खुशीत होते. "बघा," ते म्हणाले, "पावण्याला राम राम घालतंय पाखरू. माणुसकी हाय त्याला."

इथं मला एक कबुली द्यायला हवी. राघू "राम राम पावणं" कधीच विसरून गेला होता. दिवसातून शंभर वेळा जे ऐकायचा तेच तो बोलायचा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा दारात पाऊल टाकायचा, राघू त्याला "आँ? मोठ्यानं बोल की!" म्हणायचा, आप्पा अभिमानानं छाती फुगवायचे, आणि पाहुणा आप्पांचं तोंड बघून पिंजऱ्यापुढं हात जोडायचा, "राम राम, राम राम." दोन वर्षं अख्ख्या भावकीनं हे नाटक इमानेइतबारे पार पाडलं. कुणाच्या जिभेला हाड नसलेल्या आमच्या गावात एवढी एक गोष्ट कुणी आप्पांना बोलून दाखवली नाही.

डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "एवढ्या आवाजात म्हस बांधली असती तर तिचं दूध आटलं असतं. हे तर एवढंसं पाखरू. औषध राघूला न्हाय लागत, तुमच्या आप्पांच्या कानाला लागतंय." मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आप्पांच्या हातात दिलं, "टीव्हीचा आवाज अगदी कमी करा. नाहीतर पक्षी जगणार नाही."

आप्पांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला. कानांचा शब्द कुणीही काढला नाही.

त्यांनी आधी पळवाट शोधली. पिंजरा मागं स्वयंपाकघरात नेला. तिथं राघू एकटा पडला, दिवसभर सोप्याच्या दिशेनं तोंड करून ओरडत राहिला आणि उरलीसुरली पिसंही उपटायला लागला. त्याला टीव्ही नको होता, पण आप्पा हवे होते. तिसऱ्या दिवशी पिंजरा परत खिळ्यावर आला आणि आप्पांनी स्वतःच्या हातानं आवाज कमी केला.

मग ते बसून राहिले. बातम्या लागायच्या, माणसं तोंडं हलवायची, आप्पा बघत राहायचे. आई हसली की ते उशिरानं हसायचे. मालिकेतली सासू धडाम झाली तरी त्यांना पत्ता लागायचा नाही, राघूनं मान झटकली की त्यांना कळायचं काहीतरी झालं. खरं सांगते, आयुष्यभर आप्पांची टिंगल केली मी, पण ते चार दिवस मला त्यांच्याकडं बघवलं नाही. एवढा थोरला माणूस पाखराच्या मानेवरून जगाचा अंदाज घेत होता.

पाचव्या दिवशी सकाळी ते पिंजऱ्यापाशी उभे होते. राघूच्या उघड्या छातीवर बोट फिरवत म्हणाले, "माझ्यापायी सोलून निघालं की गं पाखरू." आणि मग, माझ्याकडं न बघता, "त्यो कानाचा डॉक्टर कुठं बसतोय?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो ऐकायला येण्याबद्दल नव्हता. "तालमीनं झालंय व्हय हे?" डॉक्टरांनी पाटीवर लिहून सांगितलं, नाही, बाहेरच्या गाठींचा दोष नाही, मिलच्या आवाजानं आतून गेलंय. आप्पांचा चेहरा असा खुलला की जणू कुस्ती मारली. "मग चालतंय की," ते म्हणाले. "लावा मशीन. तालमीची बदनामी न्हाय, मग काय बी लावा."

मशीन लावून घरी आलो. वाटेत ते रिक्षावाल्यावर खेकसले, "हॉर्न किती मोठा वाजवतोस रं?" घरी आईनं टीव्ही लावला, कमी आवाजातच, तर आप्पा दचकले. "एवढा आवाज? घरात सगळी बहिरी हायत का काय?" आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

तेवढ्यात शेजारचे काका विचारपूस करायला दारात आले. नेहमीच्या सवयीनं त्यांनी चप्पल काढायच्या आधीच पिंजऱ्याकडं हात जोडले. राघूनंही आपलं काम केलं.

"आँ? मोठ्यानं बोल की!"

काका म्हणाले, "राम राम, राम राम."

आप्पा जागच्या जागी थांबले. राघू पुन्हा बोलला, तोच घोगरा आवाज, तोच शेवटचा हेल. आप्पांचा हात आपोआप कानामागं गेला आणि अर्ध्यात खाली आला. काका चपलेकडं बघायला लागले. मी भिंतीकडं. आप्पांनी आईला हळूच विचारलं, "हे कवापासनं म्हंतंय?"

"झाली की दोन वर्षं."

"आणि तुम्ही कुणी मला बोललासा न्हाय?"

"बोललो की," आईनं बेधडक ठोकून दिलं. "कितीदा तरी बोललो. तुम्हाला ऐकू कुठं आलं?"

मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार.  पण आप्पा टीव्हीपाशी गेले, तो बंद केला आणि स्टूल ओढून पिंजऱ्यापाशी बसले. राघू दांडीवरून सरकत सरकत त्यांच्याजवळ आला. वाकडा पंख, उघडी छाती, आणि मोडलेल्या कानापाशी येऊन तो पुन्हा जोरात ओरडला, "आँ? मोठ्यानं बोल की!"

आप्पांनी तारेतून बोट आत घातलं. "हळू बोल लेका," ते म्हणाले. "ऐकू येतंय मला."